शेकाट्या पक्षी दिसला म्हणून नदी ठणठणीत?

‘नदीची तब्येत पाच मिनिटांत ओळखा’ असा निरोप पुण्यात फिरतोय. पाणी नितळ, टीडीएस (विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, मासे आहेत, पक्षी आहेत; चारही जमलं की नदी निरोगी म्हणे. मुळा-मुठेत पक्षी तर बारा महिने असतात, मासेही बहुतेक वेळा सापडतात. म्हणजे आपली नदी निम्मी पास झालीच की!

नितळपणाचं सोडून द्या. पाण्यात विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, आणि आषाढात सह्याद्रीतली धडधाकट नदीही गढूळच असते.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतं, बस. ५०० ची मर्यादा पिण्याच्या पाण्याची, तीही क्षारांपुरतीच. मैला आणि जंतू त्याला कळत नाहीत. खारट बोअर नापास आणि सांडपाणी मिसळलेली नदी पास, हे सहज घडतं. प्राणवायूही त्याला कळत नाही. आणि तो मोजलाच, तरी कधी मोजला हे विचारायला हवं. शेवाळानं हिरवं झालेलं पाणी दुपारी प्राणवायूनं तुडुंब असतं. रात्री उजेड नसतो, शेवाळ आणि जिवाणू दोघंही तो ओढत राहतात आणि पहाटे पातळी तळाला जाते. आंघोळीच्या पाण्याचं मानक लिटरला किमान ५ मिलिग्रॅम; तेच पाणी दुपारी दोनला पास आणि पहाटे पाचला नापास होऊ शकतं.

मासे आहेत, पण कुठले? चिलापी, आफ्रिकन मांगूर. मांगूर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेतो, त्याला घाण पाण्याचं काय? महसीरला मात्र वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. तो दिसतो का, हे निरोपात विचारलेलंच नाही.

पक्ष्यांबद्दल बोलताना मला थोडं वाईट वाटतं, कारण लाल पायांचा शेकाट्या माझा आवडता. पण तो येतो पोटासाठी. सांडपाण्याच्या गाळात किडे-अळ्या भरपूर, त्यामुळे त्याची चंगळ.

खरी चौकशी तळाशी करावी लागते. तळातल्या किड्यांवरून नदीला गुण देण्याची एक ब्रिटिश पद्धत आहे: स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्या मेफ्लाय या कीटकाच्या काही कुळांना १०, गाळातल्या कायरोनोमिड अळ्यांना २, ट्यूबिफेक्ससारख्या कृमींना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही अशी जैविक कसोटी आहे. किडा महिनोन्‌महिने त्याच पाण्यात राहतो; बाटलीतला नमुना एका क्षणाचा.

मुठेवरच्या टेमघर धरणाच्या वरच्या ओढ्यात दगड उलटा करून पाहा: चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं, वाळूच्या कणांची नळी बांधून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या गाळात हात घाला, त्याच कायरोनोमिडच्या लाल अळ्या निघतील. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, जिथे प्राणवायू जेमतेम असतो तिथेही तो धरून ठेवायला.