मागची मोकळी आहे म्हणे!

काल पुण्यात स्वारगेटला बससाठी चाळीस मिनिटं ताटकळत उभी होते. चाळीस! शिवाजीनगरहून मेट्रोने दहा मिनिटांच्या आत आणून सोडलं, तेही एसीत. आणि तिथून कात्रज, जेमतेम पाच किलोमीटर, तेवढ्यात जीव जातो.

पहिल्या बसच्या दाराला माणसं लोंबकळत होती. दुसरी थांब्याच्या तीस फूट पुढे जाऊन थांबली. मी आणि भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी धावलो. पोचेपर्यंत हलली. वर कंडक्टर खिडकीतून ओरडतोय, "मागची मोकळी आहे, मागची घ्या!" पंचवीस मिनिटं झाली, मागचीचा पत्ता नाही.

ऑफिसात हे सांगितलं की ठरलेलं उत्तर: "अगं, गाडी घेऊन टाक ना." का घेऊ? हप्ते भरायचे, सोसायटीत पार्किंगवरून भांडायचं आणि त्याच सातारा रस्त्यावर एकटीने चौघांची जागा अडवून हॉर्न वाजवत बसायचं?

याच रस्त्यावर 2006 साली देशातला पहिला बीआरटी सुरू झाला होता. बससाठी वेगळी लेन! आता तिथून दुचाकीवाले सुसाट, हेल्मेट कोपराला अडकवून. एकाला हटकलं तर म्हणे, "ताई, बस येते कुठे इथून?" मेला खरंच बोलला!

2025 च्या जूनमध्ये पाचाचं तिकीट दहाचं झालं. बरं, झालं. वीस करा, देते मी. पण बस सोडा की वेळेवर! अर्धा तास शुकशुकाट, मग तीन एकामागोमाग, वरात निघाल्यासारख्या. कात्रजपर्यंत मेट्रोचं भुयार होईल तेव्हा होईल. तोवर स्वारगेट ते कात्रज नुसत्या येरझाऱ्या घालणाऱ्या चार बस जास्त सोडायला आणि त्या लेनमधल्या दुचाक्या हाकलायला कोणाचा मुहूर्त लागतो?

शेवटी आजींना घेऊन रिक्षा केली. मीटर टाकायला तयार नाही, दीडशे रुपये. निम्मे त्या देत होत्या, पदराची गाठ सोडून. मी नको म्हटलं.

पद्मावतीच्या सिग्नलला शेजारी एक बस येऊन उभी राहिली. कात्रजचीच. आजींनी वाकून आत बघितलं.

"खरंच मोकळी आहे गं," म्हणाल्या.