मापात पाप, आलेखात पुण्य

पाण्याच्या ताणात ज्वारीची कोणती जनुकं जागी होतात, हे मोजायचं तुम्ही ठरवलंय. अभिनंदन. मालदांडीच्या कुंड्यांचं पाणी तोडून झालंय, पानं गुंडाळली गेलीत, आरएनए (जागं झालेलं जनुक काढतं ती प्रत) निघालाय आणि त्या प्रती सायकलीगणिक दुप्पट करत मोजणारं क्यूपीसीआरचं मशीन चक्क परवापर्यंत मोकळं आहे. राहता राहिला एक किरकोळ प्रश्न. तुमच्या जनुकाची पातळी वाढली की घटली, हे कशाच्या तुलनेत सांगणार? त्यासाठी एक संदर्भ जनुक लागतं. ताण असो वा नसो, ज्याची पातळी हलत नाही असं. काही लोक आठ-दहा उमेदवार जनुकं घेऊन, त्यांची परीक्षा पाहण्यात महिनेच्या महिने घालवतात. तुम्हाला थिसिस द्यायचाय. असले नाद करू नका.

उणे वीसचा फ्रीझर उघडा. मागच्या कप्प्यात आधीच्या कुणीतरी ठेवलेले अ‍ॅक्टिन जनुकाचे प्रायमर (मोजायचं जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) असतीलच. लेबलवरची शाई पुसलेली असेल, भाताचे की मक्याचे ते कळणार नाही. चालतं, सगळी गवतंच. मेल्ट कर्व्हमध्ये दोन शिखरं दिसली, म्हणजे एकाऐवजी दोन तुकडे वाढले, तर तो आलेख पुरवणीत टाका. तिथे कोणी फिरकत नाही.

अ‍ॅक्टिनच का, असं कुणी विचारलं तर म्हणायचं, तो पेशीचा सांगाडा, तो कशाला हलतोय? पान वाळायला लागलं की वाढ थांबते आणि सांगाड्याची गरजही घटू शकते, हे आपण होऊन सांगू नये. कारण खरी गंमत तिथेच आहे. समजा, पाणी दिलेल्या रोपात अ‍ॅक्टिनचा सीटी (कितव्या सायकलला जनुक दिसू लागलं तो आकडा; जितका कमी तितकं जनुक जास्त) २० आला आणि तहानलेल्या रोपात २२. तुमचं लाडकं जनुक दोन्हीकडे २६ वरच ठाण मांडून बसलंय. आता वजाबाकी करा: इकडे ६, तिकडे ४. दोन सायकलचा फरक म्हणजे दोनाचा वर्ग, म्हणजे चौपट वाढ! जनुकाने काडीचंही काम केलं नाही आणि तुमच्या हातात दुष्काळाला तोंड देणारं जनुक आलं. तीन रेप्लिकेट वेगवेगळ्या रोपांऐवजी एकाच सीडीएनएचे (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीचे) घेतले असतील तर एरर बारही अगदी नाजूक दिसतील.

ताण बदलला की जनुकही बदलावं, इतका अभ्यास मात्र हवा. उष्णतेवर काम असेल तर युबिक्विटिन घ्या. उन्हाने बिघडलेली प्रथिनं मोडीत काढायला पेशी नेमकं तेच वाढवते, त्यामुळे बाकी सगळी जनुकं थंड पडल्यासारखी दिसतील. उष्णतेच्या पेपरात तेवढाच गारवा. मुळं पाण्याखाली गुदमरवणार असाल तर जीएपीडीएच उत्तम. ऑक्सिजन संपला की ऊर्जेचा भार साखर मोडणाऱ्या ग्लायकोलिसिसवर येतो आणि जीएपीडीएच त्याच मार्गावरचं. १८एस, म्हणजे रायबोसोमचा आरएनए, तर सदाबहार. ते इतकं मुबलक असतं की सीटी दहाच्या आसपासच येतो आणि तुमचं जनुक अठ्ठाविसाव्या सायकलला धापा टाकत पोहोचतं. सीडीएनए पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीने केला असेल तर ती शेपूटच नसलेल्या १८एसचं नक्की काय मोजलं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विभागाकडे पाठवा.

एखादा चिकित्सक जीनॉर्म या संदर्भ जनुकं पारखणाऱ्या सॉफ्टवेअरचा २००२ चा पेपर पुढे करेल. एकाच संदर्भ जनुकावर विसंबलं तर दर चार तुलनांपैकी एकीत तिपटीहून मोठी चूक होते, असं त्यात दाखवलंय. त्याला सांगा, ते मानवी ऊतकांवर होतं, आमची ज्वारी आहे. मग तो २००५ मधलं अ‍ॅराबिडॉप्सिसवरचं जर्मन काम काढेल. मायक्रोअ‍ॅरेच्या (हजारो जनुकं एकदम मोजणाऱ्या चिपच्या) विदेत शोधून त्यांना अ‍ॅक्टिन-ट्युब्युलिन या सांगाड्याच्या जनुकांपेक्षा स्थिर अशी शेकडो जनुकं सापडली. पीपी२ए या एन्झाइमच्या एका उपएककाचं जनुक त्यातलंच. त्यावर म्हणायचं, अ‍ॅराबिडॉप्सिस तण आहे, आमचं पीक आहे.

फारच गळ्याशी आलं तर सॉफ्टवेअर चालवा, पण निवडून. जीनॉर्म जनुकांची जोडीजोडीने तुलना करतं आणि ज्यांचं एकमेकांशी गुणोत्तर टिकतं त्यांना स्थिर ठरवतं. मग अ‍ॅक्टिन आणि ट्युब्युलिन दोन्ही एकदमच घसरत असतील तर? अहो रूपम्, अहो ध्वनिः! उंटाने गाढवाचा आवाज वाखाणला, गाढवाने उंटाचं रूप, आणि दोघेही पहिल्या क्रमांकावर. एम हा त्याचा अस्थिरतेचा आकडा ०.५ च्या खाली आला की निर्धास्त व्हा. नॉर्मफाइंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरपासून मात्र चार हात लांब राहा. त्याला ताणातली रोपं आणि साधी रोपं असे गट सांगितले तर ते गटांमधला फरकही मोजतं. नाहीच टळलं तर स्थिरतेची तपासणी फक्त पाणी दिलेल्या रोपांवर करा. तिथे सगळेच स्थिर असतात.

वरच्या वजाबाकीच्या सूत्राच्या संदर्भासाठी लिव्हॅक आणि श्मिटगेन यांचा २००१ चा पेपर टाकाच. सगळे टाकतात. संदर्भ जनुकावर उपचाराचा परिणाम होतो का, हे आधी तपासा, असं त्याच पेपरात लिहिलंय आणि कसं तपासायचं तेही दिलंय: प्रत्येक नळीत आरएनए सारखाच मोजून घ्या आणि संदर्भ जनुकाचे सीटी ताणात व ताणाशिवाय थेट ताडून पाहा. एका दुपारचं काम आहे. म्हणूनच तो पेपर संदर्भयादीत शोभतो, टेबलावर नाही. क्यूपीसीआरबद्दल पेपरात काय-काय द्यायचं ते सांगणाऱ्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांचंही तेच. ती पाळल्याचं एका वाक्यात लिहून टाका. प्रायमरची कार्यक्षमता (दर सायकलला नेमकं दुप्पट म्हणजे १००) ९० ते ११० टक्क्यांत होती का, हे विचारायला रिव्ह्यूअरला वेळ कुठे असतो?

आणि समजा एखाद्याने विचारलंच की दुसरं जनुक घेऊन पाहिलं का, तर ‘पुढील अभ्यासात विचार करू’ असं नम्रपणे कळवा. पुढील अभ्यास तुमची ज्युनिअर करेल. बिचारी पीपी२ए घेऊन तीच मोजणी करेल, चौपट सोडा, तिला काहीच वाढ दिसणार नाही. घाबरू नका. तिला जवळ बसवून विचारा, ‘तुझा आरएनए डिग्रेड झालाय का गं?’