यल्लुबाईला अर्थ नाही कसा?
मुलींच्या दुर्मिळ नावांची एक यादी वाचली, तीत यल्लुबाईपुढे 'अर्थ उपलब्ध नाही' असं लिहिलंय. अहो, बेळगाव-खानापुरात कुणालाही विचारा! सौंदत्तीच्या यल्लम्मावरून पडलेलं नाव हे. कानडीतलं 'एल्लर अम्मा', म्हणजे सगळ्यांची आई, अशी फोड आमच्याकडे सांगतात. देवी तीच रेणुका, परशुरामाची आई. आमच्या आजीचं नाव शाळेच्या दाखल्यावर यल्लुबाई, कानडी रेशनकार्डावर यल्लव्वा आणि गल्लीत नुसतं यल्लू. मार्गशीर्ष पुनवेला डोंगरावर 'उदं गं आई उदं' म्हणत भंडारा उधळायला सगळे जातात, पण बारशाला हे नाव कुणी काढत नाही. फार तर रेणुका. वर्गात पोरं चिडवतील म्हणे! मग मायरा, कियारा ठेवायचं आणि त्याचा अर्थ मोबाईलवर शोधत बसायचं.