पूजेचा फोटो आणि पाच स्टार

मेकॅनिकने वॉशिंग मशीनच्या पोटातून हीटर ओढून काढला आणि फरशीवर ठेवला. मला आधी कळेचना हे काय आहे ते. जिलबी पाकाऐवजी चुन्यात बुडवून वाळवली तर कशी दिसेल, तसं काहीतरी. बोट लावलं तर पांढरे पापुद्रे सुटून पडले.

"ताई, पाणी कुठलं तुमच्याकडे?"
"टँकरचं. मधूनमधून बोअरचं."
"मग ही फ्रंट लोड घ्यायला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं? अठ्ठावीस हजार लोकांनी सांगितलं! दिवाळीच्या सेलमध्ये घेतली होती. ४.४ स्टार. आठवडाभर रात्री जागून रिव्ह्यू वाचले, नवऱ्याला वाचून दाखवले, सासूबाईंना मराठीत करून सांगितले. त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचार की." मी म्हटलं, काकू एकट्या, हे अठ्ठावीस हजार. मशीन चौदा महिने चालली. मग चालू केली की घराचा मेन स्विच पडायचा. वॉरंटी दोन वर्षांची होती, पण कार्डावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं की पाण्याच्या क्षारांमुळे झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. मोटरला मात्र दहा वर्षं! मेकॅनिक हसला. म्हणाला, मोटर सहसा जातच नाही, म्हणून तर दहा वर्षं देतात. जातो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, नाहीतर हीटर.

(पुण्याजवळच्या आमच्या वाघोलीत राहणाऱ्यांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. स्टीलच्या पिंपाला आतून पांढरं कडं येतं, नळाच्या जाळीतून खडे निघतात. हे सगळं रोज डोळ्यासमोर असूनही मशीन घेताना माझ्या डोक्यात आलं नाही, हा दोष माझाच.)

त्या रात्री रागारागाने मी तेच रिव्ह्यू पुन्हा उघडले. म्हटलं, बघूच किती जण खोटं बोलले होते. आणि गंमत म्हणजे बहुतेक कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. 'डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग मस्त.' पाच स्टार. 'डेमो द्यायला आलेला मुलगा खूप नम्र होता.' पाच स्टार. 'अजून वापरली नाही, पण दिसायला छान आहे.' याचेही पाच! आणि फोटो कसले? मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचं फूल, बाजूला पेढ्यांचा बॉक्स. मला त्या फोटोंवर हसायचं नाही, कारण आमच्याही मशीनचा तसाच फोटो आहे माझ्या मोबाइलमध्ये. वस्तू घरात आल्याचा आनंद खराच असतो. फक्त तो रिव्ह्यू नसतो. मशीनने अजून तोंडही उघडलेलं नसतं आणि आपण तिच्या वतीने बोलून मोकळे होतो. मी वरचे शंभर रिव्ह्यू मोजत वाचले. सहा महिने वापरून लिहिलेले सात निघाले. त्या सातांपैकी चौघं वैतागलेले होते. पण पाण्याचा उल्लेख त्यातल्या एकानेही केलेला नव्हता.

खोटे रिव्ह्यू नसतात असं नाही. पूर्वी मिक्सर मागवला होता, त्याच्या खोक्यात चिठ्ठी निघाली. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, दोनशे रुपये परत मिळवा. दिले की मी! जार गळत होता तरी दिले. तेव्हा लबाड कोण हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आणखी एक भानगड म्हणजे एकाच पानावर सहा किलोची, सात किलोची आणि आठ किलोची मशीन, आणि तिघींचे रिव्ह्यू एकाच ढिगात. आपण वाचतो एकीचं कौतुक आणि घरी येते दुसरी. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी खास मानक काढलं, आयएस १९०००. रिव्ह्यू विकत घेऊ नयेत, लिहिणारा खरा ग्राहक आहे का ते पडताळावं, असं सगळं त्यात आहे. पण आलं ते ऐच्छिक म्हणून. ऐच्छिक म्हणजे काय, हे आपण शाळेपासून जाणतो.

मग वाटलं, दुकानात जावं. शोरूममध्ये शिरताच टी-शर्ट घातलेला एक मुलगा धावत आला आणि एकाच कंपनीच्या मशीनपाशी नेऊन उभा राहिला. दुसरीकडे वळले की, "मॅडम, त्याच्या फार कम्प्लेंट्स आहेत." मागून शेजारच्या रांगेतला दुसरा मुलगा याच मशीनबद्दल तेच वाक्य दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवत होता. अशा मोठ्या दुकानांतून बरेच विक्रेते दुकानाचे नसतातच. त्यांना पगार कंपनी देते, उभे तेवढे दुकानात असतात. हे कळल्यापासून मी आधी विचारते, "तू दुकानाचा की कंपनीचा?" मुलं लाजतात, पण खरं सांगतात.

यूट्यूबवाल्यांचं काय? खाली लिंक असते आणि लिंकवरून घेतलं की त्याला कमिशन. तरी मी बघते. मशीनचा आवाज, दाराची उंची, पाइप मागून निघतो की बाजूने, हे तिथं छान कळतं. टिकेल का, हे त्यालाही माहीत नसतं, कारण पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी दुसरी मशीन आलेली असते.

आणि ते दुसरे स्टार, वीज बचतीचं लेबल. त्याची रिव्ह्यूच्या स्टारशी गल्लत करणारे माझ्या ओळखीत निदान चार जण आहेत. 'फाइव्ह स्टार आहे म्हणजे चांगलीच असणार.' अहो, ते ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार आहेत, ते वीज किती खाईल ते सांगतात. टिकण्याशी त्यांचा संबंध नाही. शिवाय त्यांचे निकष मधूनमधून कडक होतात. २०२२ च्या जुलैत एसीचे बदलले तेव्हा कालचे फाइव्ह स्टार एसी आज फोर स्टारवर आले. म्हणून फ्रिज किंवा एसी घेताना लेबलवरची मुदत आणि वर्षाचे युनिट वाचायचे. तो आकडा मात्र मला सगळ्या रिव्ह्यूंपेक्षा विश्वासाचा वाटतो.

माझी मामेबहीण जर्मनीत असते, श्टुटगार्टला. तिच्याकडे ही कटकट कमी. तिथं श्टिफ्टुंग वारेनटेस्ट नावाची संस्था १९६४ पासून आहे. ती दुकानातून गपचूप वस्तू विकत घेते, प्रयोगशाळेत वापरून वापरून दमवते आणि मग मार्क देते. बहीण म्हणाली, "तिकडचा निकाल बघून घे." घेणार कसं? तिकडचं मॉडेल इकडे नाही आणि इकडचं पाणी तिकडे नाही. आपल्याकडेही असं काम करणाऱ्या संस्था आहेत. दिल्लीची कन्झ्युमर व्हॉइस आहे, अहमदाबादच्या सीईआरसीची तर स्वतःची प्रयोगशाळा आहे. पण सेल रात्री बारा वाजता सुरू झाला की त्यांची आठवण कुणाला होते?

मला आठवण झाली ती आईची. डोंबिवलीला असताना आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. महिन्याचं सामान एकीच्या घरी यायचं, दहा-बारा घरच्या बायका तिथं जमून वाटून घ्यायच्या. तूरडाळ मोजता मोजता सगळ्यांच्या मिक्सरची चौकशी व्हायची. कुणाचं कपलर तुटलं, कुणाच्या ब्लेडला धार राहिली नाही, कोणता दुरुस्तीवाला बोलावलं तर येतो. 'चांगला आहे का' असं तिथं कुणी विचारत नसे. विचारायचे, "ओलं खोबरं बारीक होतं का? दाण्याच्या कुटाला तेल सुटतं का?"

म्हणून या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर मी प्रश्न बदलला. 'कोणती मशीन चांगली?' असं विचारलं की प्रत्येक जण स्वतःचीच सांगतो. तीस हजार घातलेली वस्तू वाईट आहे हे कबूल कोण करेल? मी लिहिलं, 'ज्यांची मशीन तीन वर्षांपेक्षा जुनी आहे त्यांनीच सांगा. काय बिघडलं, दुरुस्तीला किती दिवस लागले, किती पैसे गेले.' ग्रुप दोन तास गप्प. मग एकेक जण बोलायला लागला. बी विंगमधल्या एका काकांनी बोर्डाच्या बिलाचा फोटो टाकला, नऊ हजार चारशे. एकीची मागून उंदराने वायर खाल्ली होती, तेव्हापासून तिने खाली जाळी बसवली आहे. ही जाळीची गोष्ट मला अठ्ठावीस हजारांत कुठेच वाचायला मिळाली नव्हती. आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना विचार असं सासूबाई सांगत होत्या, त्यांची साधी सेमी-ऑटोमॅटिक अकरा वर्षांची निघाली. ड्रेन पाइप एकदा आणि टायमर एकदा, एवढाच खर्च.

मेकॅनिकलाही विचारलं. पण त्याचंही जपून ऐकावं लागतं. त्याला दिसतात त्या फक्त आजारी मशीन. जी कंपनी जास्त खपते तिच्याच तक्रारी त्याच्याकडे जास्त येणार, म्हणजे ती वाईट असं नाही. त्यामुळे कुठली घेऊ हे न विचारता मी विचारलं, "कुठल्या मशीनचा पार्ट मिळवायला तुला सगळ्यात जास्त त्रास होतो?" डोळे मिटून तीन नावं सांगितली त्याने. त्यातलं एक माझ्या यादीत पहिलं होतं.

शेवटी टॉप लोड घेतली, हीटर नसलेली. महिन्यातून एकदा क्षार काढायची पावडर टाकून रिकामी फिरवते. आता पाच महिने झालेत. कशी आहे म्हणून मैत्रिणी विचारतात, मी अजून काहीच सांगत नाही. ॲपवरून रोज मेसेज येतो, 'तुमचा अनुभव कसा होता?' तोही तसाच पडून आहे.

आता गीझर घ्यायचाय. वाघोली, लोहगाव, खराडी भागात बोअरच्या पाण्यावर तीन वर्षं जुना गीझर कुणाकडे असेल तर खाली लिहा. टाकी गळली का, टाकीला गंजू न देणारी आतली कांडी (अनोड रॉड) कधी बदलली, कंपनीचा माणूस किती फोन केल्यावर आला. 'आमचा मस्त चाललाय' एवढंच लिहिणार असाल तर निदान कधी घेतला तेवढी तारीख टाका.