पट्टे मोजा, पण काटाही बघा

फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅकियाओवरच्या तुमच्या लेखात त्याच्या आठ वजनगटांतल्या विजेतेपदांचं श्रेय 'संघटनांच्या खिरापतीला', म्हणजे बॉक्सिंग संघटनांनी सढळ हातानं वाटलेल्या पट्ट्यांना, दिलंय. अर्धं पटतं. २०१० मध्ये मार्गारितोशी झालेली लढत १५४ पौंडांच्या गटाची म्हणवली, पण करारानं मर्यादा १५० वर आणली होती. तो पट्टा मी जरा हातचा राखूनच मोजतो.

पण त्या दिवशी पॅकियाओ काट्यावर जेमतेम १४४ भरला होता, हे लेखकानं का गाळलं? आम्ही कसब्यात रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा हातात घेऊन ती लढत पाहिली. समोरचा उंच, धिप्पाड, आणि हा बारा फेऱ्या त्याच्या आत शिरून बाहेर पडतोय. मार्गारितोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. त्यात कसली खिरापत?

खरी गंमत सुरुवातीला आहे. १९९८ ला थायलंडमध्ये जाऊन त्यानं ११२ पौंडांचा, म्हणजे साधारण ५१ किलोंचा, पट्टा जिंकला. पुढच्याच वर्षी वजन उतरेना. पट्टा काट्यावरच गेला आणि वर तिसऱ्या फेरीत तोच नॉकआउट झाला. तालमीत वाढलेल्याला हे सांगायला नको. आमचे वस्ताद म्हणायचे, उपाशी पैलवानाच्या पायात आधी जीव राहत नाही. पॅकियाओ नंतर वरच्या गटात गेला तो पोटभर जेवून, आणि पायांचा वेग तसाच ठेवून. प्रतिस्पर्धी डे ला होयाला २००८ मध्ये आठव्या फेरीनंतर स्टुलावरून उठवलं नाही, ते याच पायांमुळे.

बाकी मेवेदरबद्दल लिहिलंय ते मान्य. २०१५ ला पॅकियाओ त्याच्याकडून सरळसरळ हरला.