मार्लोची अप्सरा, सांगलीचा नारळ

थेम्सकाठच्या मार्लो गावात १८३२चा झुलता पूल ओलांडला की चर्चजवळ दगडातली एक अप्सरा दिसते. हे स्मारक आहे एका नाट्यनिर्मात्याचं, पण त्यात त्याचा चेहराच नाही.

चार्ल्स फ्रोमन हा अमेरिकन. लंडनच्या धावपळीतून सवड मिळाली की विसाव्याला इथे यायचा. १९०४ साली 'पीटर पॅन' त्यानेच रंगभूमीवर आणलं. उडणारी मुलं, चाचे, मगर... असलं खर्चिक नाटक चालेल याची खुद्द लेखक जे. एम. बॅरींना खात्री नव्हती. पैसे लावले फ्रोमनने. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' ही प्रवासी बोट बुडवली, त्यात तो गेला. दफन न्यूयॉर्कला झालं, तरी या गावाने परक्या माणसाची आठवण जपली. मीही इथे परकीच, म्हणून ते मला फार भिडतं.

मी कृष्णाकाठची, सांगलीची. घरी फोन केला की पुतळ्यांचे वाद कानावर येतात: कुणाचा, किती फुटी, कुठल्या चौकात. २०१७ मध्ये पुण्यात राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला, तेव्हा इथे बसून जीव तुटला होता. नाटककाराचं लिखाण पटलं नाही तर त्यावर कडाडून लिहावं, त्याला नदीत का लोटायचं?

पण मार्लोचंही सगळंच मला आवडत नाही. अप्सरेसमोरून लोक निघून जातात, फूल कुणी वाहत नाही. सांगलीत ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या 'सीतास्वयंवर' नाटकाची आठवण काढून नटराजापुढे नारळ फुटतो. ते मला दगडापेक्षा मोलाचं वाटतं.

खटकतं एवढंच, की त्या दिवशी आपण नट आणि नाटककार आठवतो, निर्माता राहून जातो. भावे स्वतः कोण होते? १८५१ साली सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन गेले, राजाश्रय सुटला, तेव्हा नाटक मंडळी घेऊन ते बाहेर पडले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. हे निर्मात्याचंच काम. पुढे मो. ग. रंगणेकर, मोहन वाघ, मच्छिंद्र कांबळी, सुधीर भट यांनी तेच केलं. तारखा मिळवायच्या, नेपथ्याचा टेम्पो वेळेत पोचवायचा, बुकिंग थंड असलं तरी कलाकारांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, चुकवायची नाही.

त्यांचे पुतळे नकोत मला. त्या पैशात नाट्यगृहाच्या मोडक्या खुर्च्या आणि स्वच्छतागृहं नीट करा. आणि तिकीट खिडकीशेजारी, रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी, या निर्मात्यांच्या नावांची एक साधी शिळा बसवा.