दहा मिनिटांत नाना विसरले

एका लेखात ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ या चित्रपटाच्या पटकथेतल्या उणिवा दाखवल्यात. असतीलही. पण २०१४मध्ये आम्ही तो ठाण्यात पाहिला, तेव्हा दहा मिनिटांत डॉक्टरांची भूमिका करणारे नाना पाटेकर विसरायला झाले. समोर डॉक्टरच होते, बंडी आणि अर्ध्या चड्डीतले. १९७३ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशात ना वीज, ना धड रस्ता. तिथले माडिया आदिवासी बाहेरच्या माणसाला बुजायचे, उपचाराला यायलाच तयार नसत. तरी डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी मंदाताई तिथेच राहिले, त्यांची भाषा शिकले, वाट पाहिली. औषध देणारे पुष्कळ भेटतात हो, अशी वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझे बाबा कळव्याला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. मध्यंतरात ते उठलेच नाहीत, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसले. नंतर तलावपाळीच्या कठड्यावर बसलो. भेळ मऊ पडली, त्यांनी घासही घेतला नाही. मग म्हणाले, “किती हळू बोलतो गं तो माणूस पेशंटशी.”

बाबा आता नाहीत. टीव्हीवर हा सिनेमा लागला की आई हातातली भाजी तशीच ठेवून येऊन बसते.